कितवा माळा?

१

टाकी छपराला लागली.

म्हटलं तर झालं एवढंच होतं. कोणी मेलं नव्हतं, काही चोरीला गेलं नव्हतं. दिवेआगरच्या अलीकडे, सुपारीच्या वाड्या संपतात तिथे, वादळात गावाने येऊन बसावं म्हणून खांबांवर एक इमारत उभी राहत होती. खाली मोकळं जोतं, वर एक मोठा हॉल आणि हॉलच्या डोक्यावर उतरत्या छपराखाली बुटकी जागा. त्या जागेत पाण्याची टाकी बसायची होती. सकाळपासून कप्पीला लावून ती वर चढवली, लोखंडी स्टँडवर टेकवली, आणि तिचं झाकण छप्पर पेलणाऱ्या लोखंडी कैचीत अडकलं. टाकी हलेना, झाकण उघडेना. उघडत नाही त्या टाकीत पाणी भरणार कसं आणि संकटात ते कोण पिणार?

कोंडाजी मुकादम खाली उभा राहून वर बघत होता. त्याच्या शेजारी श्रीवर्धनहून धावत आलेले दिनानाथ सर होते. इमारतीचे सगळे नकाशे त्यांच्या ऑफिसातल्या कम्प्युटरवरून निघाले होते. सरांच्या मागे त्यांची तीन माणसं उभी होती: इमारतीच्या कम्प्युटरमधल्या मॉडेलचं काम बघणारी मृणाली घरत, तिच्या हाताखालचा हितेश आणि सोनल पाष्टे. सोनल डोंगराकडच्या शेतकरी घरातली, सहा-सात महिन्यांपूर्वीच कामाला लागलेली.

"माळ्यावरची टाकी अशी छपरात घुसते म्हणजे काय?" दिनानाथ सर म्हणाले. त्यांचा आवाज चढत नसे. उलट रागावले की तो खाली जाई. "कोंडाजी, प्लेटा वर बसवल्यास?"

टाकीचा स्टँड ज्या लोखंडी प्लेटांवर उभा होता, त्या काँक्रीट ओततानाच खांबांत पक्क्या केलेल्या होत्या. आता त्या काढायच्या म्हणजे खांब फोडायचे. वादळासाठी बांधलेल्या इमारतीचे खांब वादळाआधीच फोडायचे.

"ड्राइंगीत हाय तसंच क्येलंय, सायब," कोंडाजी म्हणाला. "टेप लावून बघा. न्हायतर माझं नाव बदला."

मृणालीने टेप लावली. काम नकाशाबरहुकूम होतं, सुताचाही फरक नव्हता. म्हणजे चूक इथे साईटवर नव्हती, ऑफिसात होती. ती शिडीवरून उतरताना तिचा फोन वाजला. उरणहून आई होती. आईचा आवाज फोनमधून सगळ्या साईटला ऐकू जाई.

"मिरू, हलदीची मोठी टोपा माल्याव हायत गो. उतरवाला कोन नाय. कवा येतंस?"

मृणालीने घाईघाईने आवाज कमी केला. "हो आई, मी नंतर बोलते हं," असं अगदी बातम्या देणारीच्या मराठीत म्हणून तिने फोन पर्समध्ये टाकला. हितेशने ऐकलं का, सोनलने ऐकलं का, हे तिने चोरून बघून घेतलं. ऑफिसात ती नवी मुंबईची होती. उरणचं मिठागर, बापाच्या पायाच्या भेगा आणि आईची बोली, हे सगळं ती दिघीची फेरीबोट पकडण्याआधी पलीकडेच ठेवून येत असे.

"सोमवारी काम देणाऱ्या मुंबईच्या साहेबांना उत्तर द्यायचंय," दिनानाथ सर म्हणाले. "कोणाकडून झालं ते नाव त्यांना हवंय. ज्याचं नाव जाईल त्याला मी ठेवू शकणार नाही. मृणाली, तू शोध."

बोलताना त्यांनी बघितलं मात्र हितेशकडे. सगळ्यांनीच बघितलं. आधीच्या नोकरीतून हितेश असाच एक डाग घेऊन निघाला होता. दुसरा डाग लागला असता तर या किनाऱ्यावर त्याला कोणी रेघ ओढायलाही बोलावलं नसतं.

मृणाली पुन्हा वर चढली आणि तिला आणखी दोन गोष्टी दिसल्या. त्या जागेत जायची झडप तिथल्या फळ्यांच्या तळापासून वर लोंबकळत होती, आणि धान्याच्या पोत्यांसाठीच्या मांडणीचे हूकही वर सरकले होते. टाकी, झडप, मांडणी. तिन्ही बरोबर एकेक फूट वर. बाकी पंखे, तुळया, दिवे, सगळं जागच्या जागी होतं.

२

दिनानाथ सरांचं ऑफिस श्रीवर्धनात एका सुपारीच्या वखारीच्या वर होतं. खाली अंगणात सुपारी वाळत पडलेली असे आणि तिचा तुरट वास कम्प्युटरपर्यंत येई. मृणालीने मॉडेल उघडलं आणि हितेशला समोर बसवलं.

आता या मॉडेलची एक गंमत आहे. त्यातल्या प्रत्येक वस्तूला आपण कुठल्या लेव्हलचे, म्हणजे इमारतीच्या कुठल्या पातळीचे, ते सांगावं लागतं, जसं घरातल्या प्रत्येक माणसाचं नाव कुठल्या तरी रेशनकार्डावर असतं. माणूस झोपतो कुठेही, नाव कार्डावर. म्हणून एखाद्या खिडकीचं नाव चुकीच्या लेव्हलवर असलं तरी पडद्यावर ती जागच्या जागी दिसते आणि कोणाला पत्ता लागत नाही. पत्ता लागतो तो ती लेव्हल वर-खाली केली की. मग त्या कार्डावरचे सगळे एकदम उठतात आणि तिच्याबरोबर चालू लागतात.

या इमारतीचं पहिलं मॉडेल पनवेलच्या कोणीतरी घाईत केलेलं होतं, आणि त्याने झाडून सगळ्या वस्तूंची नावं जोत्यावर टाकली होती. सोनलने बसून एकेक वस्तू तिच्या खऱ्या लेव्हलला लावली. मग गावाने सांगितलं, वादळात पाणी किती चढलं होतं ते आम्ही बघितलंय, हॉल एक फूट उचला. छपराचं लोखंड कापून झालं होतं, त्यामुळे छप्पर आणि त्याखालची जागा होती तिथेच राहणार होती. हॉलची लेव्हल फूटभर उचलण्याचं काम हितेशने केलं.

"मी फक्त मजला उचलला, ताई," हितेश म्हणाला. "आई शप्पथ, दुसऱ्या कशाला हात नाय लावला."

"मग टाकी कशी उचलली गेली?"

"मला काय माहीत? टाकी मजल्याबरोबर चालत गेली असेल तर तिचं नाव मजल्यावर असणार."

हे बरोबर होतं. हाताने ओढलेली वस्तू इंच-दोन इंच इकडेतिकडे जाते. या तिन्ही वस्तू मजल्याइतक्याच, बरोबर एक फूट गेल्या होत्या. त्या मजल्याच्या कार्डावर होत्या. पण इथेच मृणाली अडली. कारण तीन महिन्यांपूर्वी एका गुरुवारी, सोनलचं काम संपल्यावर, तिने स्वतः सगळं तपासलं होतं. टाकी, झडप, मांडणी, तिन्ही छपराखालच्या लेव्हलवर होत्या. तिने डोळ्यांनी पाहिलं होतं. हॉल उचलला गेला त्याच आठवड्यातल्या शनिवारी. म्हणजे मधल्या शुक्रवारी कोणीतरी मॉडेल उघडून फक्त या तीन वस्तूंची कार्डं बदलली होती.

कोणी, ते मॉडेल सांगत नव्हतं. सरांनी काटकसर म्हणून ऑफिसला एकच लॉगिन घेतलं होतं. केलेलं प्रत्येक काम दिनानाथांच्या नावावर पडे, आणि दिनानाथ तर माऊसला विंचवासारखे भीत.

"त्या शुक्रवारी तू कुठे होतास?"

हितेश खाली वाळणाऱ्या सुपारीकडे बघत राहिला. "इथंच. ऑफिसात."

तो खोटं बोलत होता. आणि खोटं बोलताना त्याचे कान लाल झाले होते.

३

सोनल समोर बसली ती परीक्षेला बसल्यासारखी. दोन्ही हात मांडीवर, पाठ ताठ.

"त्या शुक्रवारी हितेश ऑफिसात होता?" मृणालीने विचारलं.

"मला स्मरत नाही, मॅडम."

"तू होतीस?"

"होय. मी येथे उपस्थित होते."

मृणालीला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. ही मुलगी असं कधीपासून बोलायला लागली? कामावर आली तेव्हा सोनल दिवसभर बडबडत असे. आईने कुळथाची पिठी दिलीय, गावात बिबट्या आलाय, एसटी चुकली, सगळं हाय-न्हायच्या ठेक्यात. गेल्या तीनेक महिन्यांत ती गप्प झाली होती, आणि बोललीच तर शाळेच्या पुस्तकातलं बोलत होती. कामाला सरावली, असं मृणालीने मनाशी म्हणून टाकलं होतं.

"तू या वस्तू लावल्यास तेव्हा कुठल्या लेव्हलला लावल्या होत्यास?"

"सर्वांत वरच्या, मॅडम. छपराखालच्या भागात."

"आणि कोणाच्या सांगण्यावरून?"

"सरांच्या. बाकीच्या वस्तू नकाशावरून लावल्या. या तीन नकाशात स्पष्ट नव्हत्या, म्हणून सरांनी तोंडी सांगितलं."

"मग नंतर बदलल्या कोणी?"

सोनलने मान खाली घातली. "चूक झाली असेल कोणाची तरी," ती म्हणाली, आणि तिच्या मांडीवरचे हात एकमेकांत घट्ट अडकले. मृणालीला वाटलं, बिचारी घाबरलीय. हितेशला वाचवतेय. या वयात मुली असं करतात. असं वाटल्यावर तिने पुढे विचारलंच नाही. शोध घेणाऱ्याला एकदा उत्तर आवडलं की कान आपोआप बंद होतात, तसं तिचं झालं.

दुपारी सरांनी विचारलं, "काही कळलं?"

"हितेश त्या शुक्रवारबद्दल खोटं बोलतोय," मृणाली म्हणाली. "त्याचंच असावं."

'असावं' म्हणायला तिला दोन क्षण लागले होते, पण सरांना फक्त 'त्याचंच' ऐकू गेलं. त्यांनी मान हलवली. मृणाली वळली तर दारात हितेश उभा होता, हातात तिघांसाठी आणलेले चहाचे ग्लास. त्याने एकेक ग्लास टेबलावर ठेवला, तिचा सर्वांत शेवटी, आणि जिना उतरून गेला.

४

दुसऱ्या दिवशी मृणाली साईटवर गेली ती खांब कुठून फोडायचे त्याच्या खुणा करायला. कोंडाजी खडू घेऊन तिच्याबरोबर फिरत होता.

"हितेशदादाला काढनार म्हनतात, खरं काय?"

"सोमवारी ठरेल."

कोंडाजीने खडूने एक फुली मारली आणि तिच्याकडे न बघता म्हणाला, "त्या शुक्रवारी त्यो हितं हुता. दिवसभर."

"इथे? काय करत होता?"

"आता कसं सांगू? पोराची अब्रू हाय." त्याने खडू खिशात टाकला. "मुलीकडची मान्सं आल्याली. आगरदांड्यावरनं फेरीनं दिघीला उतरली, त्यानं गाडी करून हितं आनली. मला म्हनला, काका, आज मला सायब म्हना. मी म्हनलो. तवा जेवढी उभी हुती तेवढी समदी बिल्डिंग पावन्यांना फिरवून दाखवली. ही मीच बांधतोय म्हनला. मी बी म्हनलो, व्हय, सायबच बांधतायत."

मृणाली तिथेच पोत्यावर बसली. हितेशचा डिप्लोमा अर्धवट राहिलेला होता, हे ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं आणि मुलीकडच्यांना नव्हतं. एवढ्याशा लाजेपायी तो नोकरी घालवायला तयार झाला होता, पण खरं सांगायला नाही. आणि चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती देणारी दुसरी कोणी नव्हती, तीच होती.

ऑफिसात उरली कोण? दिनानाथ सर माऊसला हात लावत नाहीत. मृणाली स्वतः त्या शुक्रवारी रजेवर उरणला होती. राहिली सोनल. पण का? आपणच बरोबर लावलेलं काम आपणच बिघडवायचं, तेही तीनच वस्तूंचं? दीडशे वस्तूंतून या तीनच का? ज्याला नुकसान करायचं तो तुळया हलवील. जो निष्काळजी आहे त्याच्या चुका कुठेही पडतील. इथे चूक वेचून काढल्यासारखी होती.

"मॅडम, येक इचारू?" कोंडाजी म्हणाला. "बाकी समदं जिथल्या तिथं हाय. तुळया हायत, पंखं हायत. माळ्यावरचंच तेवढं कसं काय बिघडलं?"

"काय म्हणालात?"

"माळ्यावरचं. टाकी, झडप, पोती ठेवायची मांडनी. आपल्या घरी माळ्यावर दुसरं असतं काय?"

मृणालीच्या कानात आईचा आवाज घुमला, काल साईटभर ऐकू गेलेला. हलदीची टोपा माल्याव हायत गो. आणि त्याच्या मागोमाग दुसरा एक आवाज आला. तो तिचा स्वतःचा होता, आणि तो हसत होता.

५

तीन महिन्यांपूर्वीच्या गुरुवारची ती मीटिंग. तपासणी झाल्यावर मुंबईचे साहेब पडद्यावर आले होते आणि सोनल आपलं काम वाचून दाखवत होती. पहिल्यांदाच तिला बोलायला मिळालं होतं. नवा ड्रेस घालून आली होती.

"टाकी, झडप आणि मांडणी माळ्यावर घेतलीय सर. तिथंच हाय सगळं."

"कितव्या माळ्यावर?" साहेबांनी विचारलं. मुंबईत माणूस तिसऱ्या माळ्यावर राहतो आणि सातव्या माळ्यावर कामाला जातो. त्यांना कुठला माळा ते कळायला हवं होतं.

सोनल गोंधळली. "कितवा न्हाय सर. माळा एकच असतो."

हितेश फिसकन हसला. साहेबही हसले. आणि मृणालीने, साहेबांसमोर ऑफिसची लाज राखावी म्हणून, किंवा तसं तिने तेव्हा स्वतःला सांगितलं म्हणून, तोंड उघडलं.

"सॉरी सर, ती गावची भाषा आहे. सोनल, माळा म्हणजे मजला. म्हातारी सुपारी टाकते ती जागा नव्हे!"

मग सगळे खदखदून हसले. सोनलही हसली. पुढचा विषय निघाला.

एवढंच. मृणालीला ते आठवण्यासारखंही वाटलं नव्हतं. आता तीन महिन्यांनी तीच खुर्ची होती, तेच टेबल, आणि समोर सोनल. या वेळी मृणालीने दार लावून घेतलं होतं.

"सोनल, टाकी कुठे घ्यायची, ते सरांनी तुला कुठल्या शब्दांत सांगितलं होतं? अगदी तसंच सांग."

सोनल हळू आवाजात म्हणाली, "टाकी, झडप, मांडणी माळ्यावर घे, असं म्हणाले."

सर श्रीवर्धनचे. त्यांच्या तोंडात माळा म्हणजे छपराखालची जागाच. सोनलच्या तोंडातही तीच. दोघांचं एकमेकांना नीट कळलं होतं आणि काम बरोबर झालं होतं. मग मध्ये मृणालीने येऊन भाषा सुधारली.

"तुला वाटलं, सरांना मजला म्हणायचं होतं."

सोनलने मान हलवली. आता तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, पण बोलणं पुस्तकातलंच होतं. "मी घरी जाऊन विचार केला, मॅडम. माळा म्हणजे मजला, तर सरांनी मजल्यावर सांगितलं होतं आणि मी गावठी असल्यामुळे वर घेतलं. शुक्रवारी ऑफिसात कोणी नव्हतं. मी तिन्ही वस्तू मजल्यावर केल्या. पडद्यावर त्या जागच्या हलल्या नाहीत. मला वाटलं, फक्त नावाचीच चूक होती, सुधारली."

"अगं, पण एकदा विचारायचं ना!"

सोनलने पहिल्यांदा मान वर केली. "कोणाला विचारायचं होतं, मॅडम?"

मृणालीने टेबलावरचे कागद सारखे केले. उत्तर मलाच विचारायचं हे होतं, पण ते म्हणायला जीभ उचलेना.

"टाकी अडकली तेव्हा मला समजलं," सोनल म्हणाली. "मी सांगणार होते. पण सांगायचं म्हणजे तो शब्द पुन्हा सगळ्यांसमोर बोलावा लागला असता."

खाली अंगणात कोणीतरी फावड्याने सुपारी उलटवत होतं, त्याचा खरखर आवाज येत होता. मृणालीला वाटलं, हीच वेळ आहे. आता तिने सांगायला हवं की तिच्या घरीही माळा एकच आहे. त्यावर हळदीची टोपं आहेत, बापाचं मिठाचं फावडं आहे, लहानपणी मार चुकवायला ती तिथेच लपत असे. माळा म्हणजे काय हे तिला मीटिंगमध्येही ठाऊक होतं. साहेबांना अडला होता तो फक्त आकडा, आणि तो एका वाक्यात सांगता आला असता. तिला शब्दाचं हसू आलं नव्हतं. हसणाऱ्यांच्या बाजूला बसायला मिळतंय, याचा तो आनंद होता.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो असा संपला. आणि कळसा काही चांगल्या पाण्याने भरलेला नव्हता.

६

सोमवारी साहेब पुन्हा पडद्यावर आले. दिनानाथ सर, हितेश, सोनल, सगळे टेबलाभोवती बसले होते. हितेशने धुतलेला शर्ट घातला होता. काढणारच असतील तर चांगल्या कपड्यांत निघावं, असं त्याने ठरवलेलं दिसत होतं.

"हं, मग कोण?" साहेबांनी विचारलं.

मृणालीने सगळं सांगितलं. तीन वस्तू, एक फूट, शुक्रवार, सरांचा शब्द. सोनलने कार्डं बदलली हे सांगितलं आणि का बदलली तेही सांगितलं. हितेश त्या शुक्रवारी साईटच्या कामावर होता, एवढंच ती त्याच्याबद्दल म्हणाली. हितेशने चमकून तिच्याकडे बघितलं आणि मग टेबलाकडे.

"म्हणजे ही ज्युनिअर मुलगी," साहेब म्हणाले.

"नाही सर. तिचं काम बरोबर होतं. ते चुकीचं आहे असं तिला मी सांगितलं, इथेच, तुमच्यासमोर. आपण सगळे हसलो होतो. शब्द तिचा बरोबर होता आणि तो मला ठाऊक होता. आमच्याही घरी तसंच म्हणतात." तिचे कान तापले होते, ते बाहेरून दिसत असणार हे तिला कळत होतं. "शिवाय हॉल उचलल्यावर मी पुन्हा तपासलं नाही. नाव माझं लिहा."

पडद्यावर कोणी हसलं नाही. दिनानाथ सर आपल्या चष्म्याच्या काड्या उघडत मिटत बसले. शेवटी खालच्या आवाजात म्हणाले, "शब्द माझा होता. माळा म्हणालो तो मी. आणि त्या गुरुवारी मीही इथेच बसलो होतो, मृणाली. मी हसलो नाही, पण बोललोही नाही." मग ते म्हणाले, "पण नाव एकच जातं. तुझं जाईल."

"जाऊ दे, सर."

साहेबांनी काहीतरी टिपून घेतलं. मग सहज, खरोखरच समजून घ्यावं म्हणून विचारलं, "पण मग माळा म्हणजे नक्की काय?"

मृणालीने सोनलकडे बघितलं. तिला वाटलं, आता ही सांगेल, हिच्या शब्दात सांगेल, आणि थोडं तरी भरून निघेल. सोनल उभी राहिली. मांडीवरचे हात सोडवून तिने ओढणी सारखी केली.

"छपराखालील साठवणुकीची जागा, सर," ती म्हणाली, आणि बसली.

तो शब्द काही तिने उच्चारला नाही. त्यानंतरही त्या ऑफिसात तो तिच्या तोंडून कोणी ऐकला नाही.

खांब फोडायला सुरुवात झाली त्या दिवशी मृणालीने आपलं सामान आवरलं आणि दिघीच्या धक्क्यावर येऊन बसली. निघताना हितेशने नमस्कारासारखं काहीतरी केलं होतं, ओळख नसलेल्या माणसाला करतात तसं. फेरी अजून पलीकडे आगरदांड्यालाच होती. धक्क्यावर टेम्पोवाले, मासळीच्या टोपल्या घेतलेल्या बायका, कॉलेजची पोरं, अशी बरीच गर्दी होती. फोन वाजला. आईचा होता.

या वेळी मृणालीने आवाज कमी केला नाही. उलट फोन जरा लांब धरला आणि जितक्या मोठ्याने येईल तितक्या मोठ्याने, कितीतरी वर्षांनी, ती घरचं बोलली.

"आये, टोपा उतरवलीस का गो माल्यावरशी? मी येतंय. मी उतरवतंय."

पलीकडे एकदम शांतता झाली. एवढी की मृणालीला वाटलं, फोन कट झाला.

"मिरू," आई म्हणाली. आवाज बारीक झाला होता. "कोन हाय गो तुज्या संगती? कोनाला ऐकवतंस? मना हसताव का गो तुमी?"

मृणालीला 'नाय' म्हणायचं होतं. तोंडातून 'नाही' आलं.